केसभर जागा

गोणी उतरवून घेतानाच वजनावरून त्याला कळलं, की आत सिलिंडर हेड आहे. कुणाचं, ते चिठ्ठी वाचल्यावर कळलं. टेंपोवाल्यानं ती शटरच्या आत ठेवली, खिशातून कागद काढून दिला आणि गाडी चालूच ठेवली होती म्हणून लगेच निघून गेला. कागद कपडे बेतायचा होता, त्यावर निळ्या पेन्सिलीनं दोन ओळी. ‘भावजी, रविवारी घर सोडतेय. लेकीकडे राहायला जाते. ही तुमची वस्तू तुमच्याकडे.’ खाली सही नव्हती. त्यानं चिठ्ठी बाकावरच्या जड व्हाइसखाली दाबून ठेवली आणि हातातलं काम पुढे चालू केलं. व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, हेडातल्या त्याच्या बैठकीवर, सीटवर, टेकवायचा आणि दोन तळहातांमध्ये काठी धरून उलटसुलट फिरवत राहायचं. सुरुवातीला खरखर येते, मग पेस्ट बारीक होत जाते तशी ती सरसर होते, आणि तो आवाज आला की थांबायचं. तीस वर्षं तो त्या आवाजावर थांबत आला होता. त्या मंगळवारी सकाळी आवाज कधी बदलला ते त्याला समजलंच नाही. भानावर आला तेव्हा पेस्ट सुकून गेली होती आणि कोरड्यावर कोरडं फिरत होतं.

त्याच्याकडे गाड्या येत नसत, गाड्यांची डोकी येत. दुसरे मेकॅनिक इंजिन खोलत आणि हेड तेवढं त्याच्याकडे पाठवत. शहरातल्या सगळ्या गाड्यांची डोकी मी ठिकाणावर आणतो, असं पूर्वी तो चार माणसांत म्हणायचा आणि माणसं हसायची. मेकॅनिक लोकांनी त्याचं नाव ‘कानस’ पाडलं होतं, कारण तो लोखंडाइतकाच समोरच्या माणसालाही घासायचा: हे असं का केलंत, ते तसं का नाही केलंत, मी सांगितलं होतं ना. ‘मी सांगितलं होतं’ हे त्याचं पालुपद होतं. बायको म्हणायची, तुमच्या पाटीवर तेच रंगवून घ्या. या बोलण्याला थोरला भाऊ, दादा, गेल्यानंतर वेगळी धार आली, हे बायकोला कळत होतं की नाही कोण जाणे. त्यानंतर ती ही थट्टा करेनाशी झाली, एवढं खरं.

नऊ वर्षं ते हेड वहिनीच्या गॅलरीत होतं. त्यावर कुंडी ठेवली होती, हे त्यानं पाहिलेलं होतं. पहिल्या वर्षी तो म्हणाला, नेतो कधीतरी. दुसऱ्या वर्षीही म्हणाला. मग वहिनीनं विचारणं सोडलं आणि त्यानं गॅलरीत जाणं सोडलं. घरच्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की सख्ख्या भावाच्या गाडीचं हेड, स्वतःच्या हातानं काम केलेलं, ते बघवत नसेल बिचाऱ्याला. तोही हळूहळू तसंच समजू लागला होता. दुःखाचा हा एक सोयीस्कर गुण असतो, त्याच्या आड काहीही ठेवता येतं, कुणी हात घालून बघत नाही.

दादा घाटावरच्या गावाला मालाची खेप टाकायचा. टेंपो जुना, चढावर धापा टाकायचा. अर्धी वाट पहिल्या गिअरमध्ये. सकाळी अंधारात निघालेला माणूस रात्री यायचा तेव्हा पोरगी झोपलेली असायची. वहिनी एकदा हसत हसतच म्हणाली होती, ही बापाला फक्त रविवारी ओळखते. पण नंतर ती हसायची थांबली आणि मागेच लागली, की इंजिनाचं काहीतरी करा, भावजींना विचारा, दोन खेपा झाल्या तरी चालतील पण अंधार पडायच्या आत घरी या. दादाला कुणीतरी सांगितलं, मोठे व्हॉल्व्ह बसव, इंजिन मोकळा श्वास घेईल. यात खोटं काही नव्हतं. व्हॉल्व्हचं तोंड मोठं केलं की हवा जास्त आत जाते, धूर लवकर बाहेर पडतो, आणि चढावर गाडी ओढते. पण त्यासाठी सीट मोठं कापावं लागतं आणि शेजारशेजारच्या दोन सीटांच्या मध्ये जी लोखंडाची भिंत असते ती पातळ होत जाते. फार पातळ झाली तर तापून तडकते. मोठ्या व्हॉल्व्हच्या कामात सगळं भय त्या भिंतीचं. हे त्याला ठाऊक होतं, आणि नंतर त्यानं ते इतक्या लोकांना समजावून सांगितलं, की स्टार्टर आणि क्लच यांतला फरक न कळणाऱ्या मावश्यांनाही ती भिंत ठाऊक झाली.

त्यानं काम करून दिल्यावर चार महिन्यांनी, उन्हाळा भरात असताना, दुसरी खेप चढवताना गाडी घाटात बंद पडली. दादानं चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडलं आणि समोर उभा राहून आत वाकला. वळणावरून खाली येणाऱ्या गाडीला तो दिसला नाही. टेंपो भंगारात गेला. ज्या मेकॅनिकनं इंजिन खोललं त्यानं तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तुटलाय एवढं सांगितलं आणि हेड वहिनीच्या दारात आणून ठेवलं, तुमच्या दिराचं काम आहे, त्यांना दाखवा म्हणाला. बैठकीच्या खोलीत माणसं बसलेली होती. कुणीतरी विचारलं, असं कसं झालं. त्यानं मान खाली घालून उत्तर दिलं, “मधली भिंत तडकली असणार. मी नको म्हटलं होतं.” ते बोलताना आपला आवाज किती नीट निघाला हे त्याला अजून आठवत होतं. दाराशी वहिनी उभी होती, तिच्या मागे दहा वर्षांची पुतणी. पुतणीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. त्या एका नजरेत काहीतरी इकडचं तिकडे झालं आणि तिथेच राहिलं.

दुपारपर्यंत त्यानं गोणीला हात लावला नाही. मग शटर अर्धं ओढून घेतलं, गोणी कापली आणि हेड बाकावर उलटं मांडलं. कुंडीच्या बुडाचा मातीचा गोल त्यावर उमटला होता. डिझेलनं धुतलं, तारेच्या ब्रशनं कार्बन काढला, आणि भिंग घेऊन पहिल्यांदा भिंत बघितली. तिसऱ्या सिलिंडरची भिंत. मग कोरड्या फडक्यानं पुसून तिच्यावर रॉकेल सोडलं, पुसलं, खडूची पूड लावली आणि वाट बघत बसला. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर रेघेसारखं उमटतं. खडू पांढराच राहिला. त्यानं चारी भिंती तशाच तपासल्या. चारी अखंड होत्या. त्या भिंती त्यानं किती जपून कापल्या होत्या ते हाताला आठवलं. एका दमात दोन सूत नव्हे, दोन केस कापायचे, थांबायचं, मोजायचं, पुन्हा दोन केस. सुबक काम होतं. नऊ वर्षांनंतरही सीटांची कड एकसारखी होती आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं.

तुटलेल्या व्हॉल्व्हचं तोंड नव्हतं, पण दांडी अजून गाईडच्या नळीतच होती. ती हातानं हलेना. पितळी काठीनं ठोकली तेव्हा बाहेर आली आणि तिच्या अंगावर ओरखडे होते, उभे, धातू धातूला चिकटून ओरबाडलेले. नऊ वर्षांचा गंज आहे, असं तो मोठ्यानं म्हणाला. वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं. गंज असाच दिसतो का हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं उत्तर दिलं, की गॅलरीत पावसाचं पाणी येतं, कुंडीचं पाणी झिरपतं. मग तो स्टुलावर बसला. समोरच्या दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. हेड पुन्हा गोणीत घालावं आणि भंगारवाल्याला द्यावं, हा विचार इतका साधा आणि शहाणपणाचा होता, की तो आपलाच आहे यात शंका नव्हती.

त्यानं धूर बाहेर सोडणारे उरलेले तीन व्हॉल्व्ह काढले; तुटलेला त्यांतलाच चौथा. ते सहज निघाले. प्रत्येक व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली होते ती नळी म्हणजे गाईड, आणि दांडी व नळी यांच्यामध्ये केसभर जागा सोडावी लागते. हवेच्या व्हॉल्व्हला थोडी. धुराच्या व्हॉल्व्हला त्याहून जास्त, कारण तो आगीच्या तोंडी असतो, तापून फुगतो, आणि जागा नसेल तर ऐन चढावर, ऐन भरात नळीत अडकून उघडाच राहतो. खालून पिस्टन येतो आणि त्याच्या तोंडावर आदळतो. हे या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. त्यानं पहिल्या सिलिंडरची दांडी गाईडमध्ये घातली आणि बोटानं हलवून बघितली. डुलली नाही. दुसरी, चौथी. डुलली नाही. शेजारच्या हवेच्या व्हॉल्व्हची हलवली. ती जेवढी हलली तेवढीच ही हलत होती. आठही गाईडांत सारखीच जागा. मग त्यानं मायक्रोमीटर काढला आणि जे बोटाला कळलं होतं ते आकड्यांत पाहिलं. आकड्यांना गंज लागत नाही.

आणि तेव्हा तो दिवस त्याच्यासमोर आला, जसा होता तसा. नऊ वर्षं तो सांगत होता तसा नव्हे. त्या वेळेचे व्हॉल्व्ह दुसऱ्या मोठ्या इंजिनाचे होते, त्यांच्या दांड्या जाड, म्हणून सगळी गाईडं रीमर घालून मोठी करायची होती. पत्र्याच्या एका डब्यात दोन रीमर, एकावर एक ठिपका, तो हवेसाठी; दुसऱ्यावर दोन, तो जरा मोठा, धुरासाठी. भिंतींचं काम आधी झालं. दोन दिवस लागले. शेवटची भिंत टिकली तेव्हा दुपार कलत होती आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दादा तिथेच खोक्यावर बसला होता. लहानपणी दोघांनी शेजाऱ्यांच्या सायकलची साखळी काढून परत बसवता न आल्यानं सायकल तशीच भिंतीला टेकवून ठेवली होती आणि शेजारी तिच्यावर बसल्याबरोबर आडवा झाला होता, ते दादा सांगत होता. दोघं भाऊ कधी नव्हे ते पोट धरून हसले. हसता हसता त्यानं एक ठिपक्याचा रीमर घेतला, हवेची चार गाईडं केली, आणि रीमर न बदलता धुराची चारही केली. भीतीचं काम संपलं होतं. उरलेलं रोजचं होतं, डोळे मिटून करण्याचं, आणि त्यानं ते तसंच केलं.

आणखी एक गोष्ट होती. ती मायक्रोमीटरनं दाखवली नव्हती, पण तीही त्याच दिवसात होती आणि आता तिला अडवणारं काही उरलं नव्हतं. त्यानं ‘नको’ म्हटलंच नव्हतं. ड्रिल चालू असताना, दादाकडे पाठ करून, तो म्हणाला होता, “भिंत पातळ होईल हं.” दादानं विचारलं, “काय?” आणि तो म्हणाला, “काही नाही.” एवढंच. त्याचं ‘नको’ नंतर झालं, बैठकीच्या खोलीत, आणि सांगता सांगता मागे सरकत त्या दिवसात जाऊन बसलं. तिथे त्याला जागाही नीट मिळाली. तो आवाज, ती मान हलवणं, दादाचं हट्टानं ‘तू कर रे’ म्हणणं, सगळं त्याला आठवत होतं आणि त्यातलं काही झालेलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. मग म्हणाली, इतक्या वर्षांनी हे काढून काय मिळणार आहे, वहिनींना पुन्हा तेच दुःख. तिचं बोलणं काळजीचं होतं आणि त्याला ते हवं होतं, म्हणूनच ऐकवेना. कारण त्याला चौथ्या वर्षातली एक दुपार आठवत होती. वहिनी शिवणयंत्रावर गणवेशाच्या बाह्या जोडत होती. यंत्र थांबवून, चाकावर हात तसाच ठेवून तिनं विचारलं होतं, “भावजी, मी घाई केली नसती तर?” त्या वेळी तो एक वाक्य बोलू शकला असता, तुमचा काय संबंध वहिनी. त्याला तेव्हा खरं काही माहीत नव्हतं तरी एवढं बोलता आलं असतं. तो म्हणाला, “आता ते बोलून काय उपयोग.” तिनं मान हलवली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. त्या वर्षी पुतणी आईशी भांडून वसतिगृहात राहायला गेली. भांडण कशावरून तरी झालं होतं, पण शेवटी ‘तूच बाबांच्या मागे लागली होतीस’ इथे येऊन थांबलं, हे त्याला कळलं होतं, कारण पुतणीनंच येऊन सांगितलं होतं. ती त्याच्याकडे यायची. जगात एकच माणूस होता ज्यानं तिच्या बापाला वेळेवर सावध केलं होतं. तो तिच्यासाठी डब्यातून खाऊ आणायचा, तिचं ऐकायचा, आणि आई आहे शेवटी, असं समजूतदारपणे म्हणायचा. तिची माया त्याला आवडायची. आपल्याला मूल नाही हे तेवढा वेळ विसरायला व्हायचं.

रविवारी तो वहिनीकडे गेला तेव्हा घर रिकामं होत आलं होतं. तिसरा मजला. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिके चौकोन. वहिनी शिवणयंत्राला चादर गुंडाळून सुतळी बांधत होती. या म्हणाली, बसायला काही नाही. पुतणी खाली टेंपोत सामान लावत होती. त्यानं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. गाईड म्हणजे काय तेही, रीमरचे ठिपकेही, आणि आपण नको म्हटलं नव्हतं तेही. वहिनी सुतळीचं टोक धरून ऐकत राहिली. मध्ये तिनं एकदाही मान वर केली नाही. संपल्यावर तिनं विचारलं, “म्हणजे मोठे व्हॉल्व्ह बसवले त्याचं काही नाही?”

“नाही. ते चालले असते. त्या भिंती आजही धड आहेत.”

“दोन खेपा झाल्या असत्या.”

“झाल्या असत्या.”

“अंधार पडायच्या आत घरी आले असते.” हे तिनं विचारलं नव्हतं. ती खिडकीकडे बघत होती, जणू त्या सगळ्या संध्याकाळी तिथे ओळीनं उभ्या होत्या आणि ती त्या मोजून घेत होती. त्याला वाटलं ती रडेल, ओरडेल. नऊ वर्षं तुम्ही मला, असं काहीतरी सुरू होईल. त्यासाठी तो तयार होऊन आला होता. तिनं सुतळीला गाठ मारली, ओढून बघितली आणि म्हणाली, “लेकीला सांगा.”

तो म्हणाला, तुम्हीच सांगितलंत तर. तुम्ही तिच्याकडेच राहणार आहात, तुमच्या तोंडून ऐकेल.

“मी नाही सांगणार,” वहिनी म्हणाली. “मी सांगितलं की ती नुसती माझी बाजू होईल.”

पुतणी जिना चढून आली ती कपाळावरचे केस मनगटानं मागे सारत, धापा टाकत. “काका, तू कधी आलास? बरं झालं, कपाट राहिलंय, हमाल एकच आलाय.” मग तिला दोघांचे चेहरे दिसले. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला वाक्यं जास्त सफाईनं येत होती, कुठे थांबायचं ते आधीच ठाऊक होतं, आणि ते ध्यानात येताच तो घाबरला, की यालाही आता आपण घासून गुळगुळीत करणार. म्हणून मधेच तो गप्प झाला, आणि मग एवढंच म्हणाला, “माझ्या हातून झालं. आईचं त्यात काही नाही.”

पुतणीनं विचारलं, “तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी मी बघितलंच नाही.”

ती आईकडे वळली. ती एकोणीस वर्षांची होती आणि त्यातली नऊ तिला पुन्हा नव्यानं जगावी लागणार होती, आता, या रिकाम्या खोलीत उभं राहून. वहिनीनं तिला जवळ घेतलं नाही. तिनंही आईला हात लावला नाही. दोघींमध्ये ते बांधलेलं शिवणयंत्र होतं. मग पुतणीनं वाकून सुतळीचं लोंबतं टोक गाठीत खोचलं आणि वहिनी म्हणाली, “कपाट न्या आता. टेंपोवाला खोळंबलाय.”

कपाट लाकडी, जुनं, दोन माणसांचं ओझं. हमाल यंत्र घेऊन पुढे गेला होता. तो जिन्याच्या तोंडाशी गेला आणि खालची बाजू त्यानं घेतली, पाठ उताराकडे करून. पुतणीनं वरची धरली. उचलल्याबरोबर सगळा भार घसरून त्याच्या अंगावर आला. जिन्यावर तो खालच्याकडेच येतो. कपाटाच्या कडेवरून त्याला तिची फक्त बोटं दिसत होती, पांढरी पडलेली. बोलायला लागल्यापासून ती त्याला अरे-तुरेच करत आली होती.

“धरलंत?” तिनं वरून विचारलं.

एका अक्षराचा फरक होता. “धरलंय,” तो म्हणाला.

“तुमच्या मागची पायरी फुटलीय. सावकाश उतरा.”

तिचा आवाज कोरडा नव्हता, रागाचाही नव्हता. अनोळखी माणसाला आपण जशी काळजी घ्यायला सांगतो तसा तो होता. त्यानं एक टाच मागे सरकवली, हवेत चाचपली, फुटक्या पायरीची कड लागली तशी तिच्यावर पाऊल टेकवलं, आणि वरून ती जेवढं सोडेल तेवढं अंगावर घेत उतरू लागला.